कुठलाही त्रिकोण

"शून्य म्हणजे काय गं? नापास का?"

हलकुडे गुरुजींनी कॉम्प्युटरच्या पडद्याला जवळजवळ नाक लावलं होतं. चष्मा कपाळावर, धोतराचा सोगा एका हातात आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या एकुलत्या एका शून्यावर.

"नापास कसलं गुरुजी! शून्य आलं म्हणजे सिद्ध झालं."

"काय सिद्ध झालं?"

"तुमचं प्रमेय. खरं निघालं."

गुरुजी तसेच मागे सरकले, चाचपडत खुर्ची शोधली आणि बसले. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. डिसेंबर दोन हजार एक, गुरुवारची दुपार.

"किती वेळ लागला म्हणालीस त्याला?"

"अकरा सेकंद."

"अकरा," गुरुजी म्हणाले. "आणि मला तेवीस वर्षं. चांगलंय की!" आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि मग बराच वेळ ते उपरणं डोळ्यांवरून काढलंच नाही. मी उगीचच कळफलकावरची धूळ झाडत बसले.

या गुरुजींनी मला आठवी ते दहावी भूमिती शिकवली होती. शिक्षण म्हणाल तर जुनं मॅट्रिक आणि वर मास्तरकीचं ट्रेनिंग. नेमणूक प्राथमिकला, पण उदगीरजवळच्या आमच्या गावात हायस्कूलला गणिताचा मास्तर टिकेना, म्हणून भूमिती यांच्या गळ्यात पडली. आणि यांना तिचा असा नाद लागला की मधल्या सुट्टीत सगळे मास्तर चहाला जायचे आणि हे फळ्यावर वर्तुळं काढत बसायचे. अशीच वर्तुळं काढताना अठ्ठ्याहत्तर साली त्यांना एक गोष्ट दिसली. त्रिकोणाच्या तीन बाजूंवर एका ठरावीक रीतीनं तीन वर्तुळं काढली, की तिन्ही एकाच बिंदूतून जातात. दुसरा त्रिकोण घेतला, तिथंही तेच. तिसरा घेतला, तिथंही तेच. कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. गुरुजींनी शंभर पानी वही केली. पहिल्या पानावर पक्ष, साध्य, रचना, सगळं सुवाच्य अक्षरात. त्याखाली 'सिद्धता' असं लिहून दोन रेघा मारलेल्या, आणि पुढे सगळी वही आकृत्यांनी भरलेली. सिद्धतेची जागा तेवीस वर्षं कोरी होती.

ती वही घेऊन ते एकदा आमच्याच कॉलेजात आले होते, मी शाळेत असताना. गणिताचे त्या वेळचे विभागप्रमुख डांगे सरांनी आठ दिवस वही ठेवून घेतली आणि शिपायाच्या हाती परत पाठवली. निरोप काय, तर आकृत्या काढून प्रमेयं सिद्ध होत नसतात. गुरुजींनी हे मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोनं, महादेवीकाकूंनी सांगितलं.

मग मी त्याच कॉलेजात नोकरीला लागले. हैदराबादला एका शिबिराला गेले आणि येताना एक सीडी घेऊन आले. त्यातला प्रोग्रॅम बीजगणित करायचा. आपण अक्षरांची गणितं कागदावर सोडवतो ना, तशीच, पण हजार पदांची असली तरी न थकता. आणि त्याच्याकडून भूमितीची प्रमेयं तपासता येत. आकृतीतली प्रत्येक अट समीकरण करून त्याला द्यायची. हा बिंदू या वर्तुळावर आहे, एक समीकरण. ही रेषा त्या रेषेला लंब आहे, दुसरं समीकरण. शेवटी जे सिद्ध करायचं तेही समीकरणच. मग यंत्र आपण दिलेल्या समीकरणांनी त्या शेवटच्याला भागत सुटतं. बाकी शून्य आली तर प्रमेय खरं. नाही आली तर काहीतरी गडबड आहे. मी या प्रकारावर इतकी भाळले होते की दिसेल त्याला धरून दाखवत होते. गुरुजींची वही तर मी स्वतः घरी जाऊन मागून आणली. रचनेच्या पायऱ्या एकेक करून समीकरणांत उतरवल्या. बारा पायऱ्या, बारा समीकरणं.

"कुठलाही त्रिकोण घेतला तरी?" उपरणं खाली करून गुरुजींनी विचारलं.

"कुठलाही, गुरुजी. पैजेवर सांगते."

"मग रविवारी बोलतो मी मेळाव्यात. दहा वर्षं बोलवायलेत. म्हटलं, अर्धं काय सांगायचं लोकांना."

तालुक्यातल्या गणित शिक्षकांचा मेळावा होता. अध्यक्ष होते डांगे सर, आता निवृत्त झालेले. हे गुरुजींना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या गोष्टीच्या गुदगुल्या होत होत्या.

रविवारी मेळावा अकराला होता. मी आठलाच लॅब उघडली. म्हटलं, गुरुजींच्या भाषणासोबत पडद्यावर दाखवायला एक झकास आकृती करू. गुरुजींच्या वहीतल्या आकृत्या बघून बघून मला त्यांचा जरा कंटाळा आला होता, सगळ्या एकमेकींच्या बहिणी वाटायच्या. म्हणून मी माझ्या मनानं बाजू घेतल्या. चार, पाच आणि सात. प्रोग्रॅमला म्हटलं, काढ.

त्यानं काढली. तीन वर्तुळं एकमेकांना छेदत होती, पण एका बिंदूत नव्हती. मधे एक फट होती, बोराच्या बीएवढी.

मला वाटलं, आकडा चुकला. पुन्हा घातला. फट तशीच. बाजू बदलल्या, फट लहान झाली पण गेली नाही. मग मात्र मी गुरुवारची बारा समीकरणं उघडली आणि वरून वाचायला लागले. दुसऱ्या ओळीवर जायची वेळच आली नाही.

पहिलं समीकरण होतं, कोन अ साठ अंशांचा.

आता हे कुठून आलं, ते सांगते. गुरुजींचा दंडक होता. सर्वसाधारण त्रिकोण काढायचा तर काटकोन घ्यायचा नाही, समभुज नाही, समद्विभुज नाही, कारण ते खास त्रिकोण. कोनमापकावर त्यांचा विश्वास नव्हता. बाजारातली प्लॅस्टिकची कोनमापकं दोन-दोन अंशांनी चुकतात म्हणायचे. कोन घ्यायचा तो कंपासनं, आणि कंपासनं एका झटक्यात येतो तो साठाचा. तेव्हा पाया काढा, अ बिंदूवर कंपासनं साठाचा कोन घ्या, मग बाजू हव्या तेवढ्या लांब-आखूड करा. आम्ही सगळ्यांनी तीन वर्षं भूमिती अशीच काढली. साठाचा कोनही खासच असतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वहीत रचनेची पहिली पायरी तीच होती आणि मी, एम.एस्सी. झालेली, नेट पास झालेली बाई, ती डोळे मिटून यंत्राला देऊन मोकळी झाले. आकृती काढायची सोय मी प्रमेयाची अट म्हणून घातली होती. यंत्राला काय, जे घालाल ते खरं धरणार.

मी पहिली ओळ खोडली आणि पुन्हा चालवलं. बाकी शून्य आली नाही. चांगली चार ओळींची बाकी आली. मी तिचे अवयव पाडायला सांगितले. तीन कंस आले. एकेक कंस मी कागदावर सोडवून बघितला. पहिला शून्य व्हायचा असेल तर कोन अ साठ हवा. दुसऱ्यासाठी ब. तिसऱ्यासाठी क. म्हणजे एक तरी कोन साठाचा असल्याशिवाय ती तीन वर्तुळं जन्मात एकत्र यायची नाहीत. तेवीस वर्षं गुरुजींना जे दिसत होतं ते त्यांच्या कंपासचं होतं, त्रिकोणाचं नव्हतं.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. लॅबला कुलूप घालून मी स्कूटी काढली ती थेट गुरुजींच्या घरी.

दारातच महादेवीकाकू भेटल्या. गुरुजींचं धोतर इस्त्री करून दोन्ही हातांवर घेऊन चालल्या होत्या.

"आलीस? बरं झालं. उपमा खा आधी. ह्येंनी तर सकाळपासून फळ्याशी बोलावं तसं भिंतीशीच बोलायलेत."

"काकू, गुरुजींशी जरा बोलायचं होतं."

"बोल की. पर आधी इकडं ये." त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज खाली केला. "तुला म्हणून सांगते गिरिजा. त्या वहीचा मी लई राग केला. एकदा तर चुलीत घालायला निघाले होते. माणूस पोरात नाही, पाहुण्यात नाही, नुसतं गोल काढायलाय. परवा तुझ्याकडून आले आन् मला म्हणले, महादेवी, खरं निघालं. मी तोंडावर पदर घेऊन बसले. इतकी वर्षं उगं बोलले गं त्या माणसाला."

मी उपम्याची बशी हातात घेऊन उभी राहिले.

गुरुजी आतून तयार होऊन आले. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते.

"गुरुजी," मी म्हटलं, "एक अडचण झालीय."

"मशीन बिघडली?"

"मशीन नाही बिघडली. ते त्रिकोणाचं... आपण आज नको बोलूया का? पुढच्या वर्षी नीट तयारी करून..."

गुरुजींचा चेहरा असा उतरला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. पण एका क्षणातच ते सावरले आणि उलट माझीच समजूत घालायला लागले.

"घाबरलीस होय? अगं, डांगे सरांपुढं बोलायचं म्हणून? ते तुझ्या कॉलेजातले मोठे. तू नको बोलू. मी बोलतो. तू नुसती पुढं बसायचं."

"तसं नाही गुरुजी..."

"चल चल, उशीर होईल. महादेवी, वही!"

स्कूटी त्यांच्याच दारात ठेवून आम्ही रिक्षा केली. रिक्षात ते माझ्या शेजारी बसून सगळं भाषण पुन्हा म्हणून दाखवत होते. मी तीनदा तोंड उघडलं. तीनदाही त्यांनी मला थांबवून विचारलं, हे वाक्य आधी घेऊ की नंतर. मला कुणी विचारलं की तेव्हाच का नाही सांगितलंस, तर सांगते. भित्री होते, एवढंच.

शाळेचा हॉल भरलेला होता. दीड-दोनशे शिक्षक, पहिल्या रांगेत काकू आणि मी. गुरुजींनी लाकडी कंपास उचलला आणि फळ्यावर पाया काढला. मग कंपासचं टोक अ वर ठेवून कंस मारला, ब वरून दुसरा मारला, आणि साठाचा कोन तयार. माझ्याशिवाय त्या हॉलमध्ये कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. पुढची सगळी आकृती त्यांनी वीस मिनिटांत अशी काढली की मागच्या रांगेतल्या लोकांनीही पेपर खाली ठेवले. तिसरं वर्तुळ पहिल्या दोन्हींच्या छेदातून अचूक गेलं आणि टाळ्या पडल्या.

कासराळे नावाच्या एक बाई उठल्या. "गुरुजी, विशालकोन त्रिकोणात पण येतंय का?"

"घेऊ की!" गुरुजी म्हणाले. त्यांनी फळा पुसला, आखूड पाया घेतला, अ वर कंपासनं पुन्हा तोच कोन काढला आणि दुसरी बाजू लांबच लांब ओढली. ब चा कोन विशाल झाला. "हा बघा, एकशे पाचाच्या आसपास असंल." पुन्हा तीन वर्तुळं, पुन्हा एक बिंदू, आणि पहिल्यापेक्षा जोरात टाळ्या. कासराळे बाई समाधानानं खाली बसल्या. मला त्यांना हलवून सांगावंसं वाटत होतं, बाई, अ बघा, अ!

मग डांगे सर उभे राहिले. मी त्यांना कॉलेजात असताना तोलून मापून बोलणारा माणूस म्हणून ओळखत होते. ते माइक बाजूला सारून म्हणाले, "पंधरा वर्षांपूर्वी ही वही माझ्या टेबलावर आठ दिवस होती. मी ती उघडली नाही. न उघडताच परत पाठवली. हलकुडे गुरुजी, मी तुमच्यापेक्षा लहान आहे. सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो." आणि ते खरंच वाकले.

गुरुजींनी त्यांना अर्ध्यातच धरलं. काकू रडायला लागल्या. गुरुजी मात्र रडले नाहीत, ते नुसते ताठ उभे होते, आणि त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी शाळेतसुद्धा बघितलं नव्हतं.

"आता बिरादार मॅडम," डांगे सर माझ्याकडे वळले, "तुमच्या यंत्रानं हे तपासलंय म्हणे. काय निकाल आला, तो सांगा सगळ्यांना."

मी उभी राहिले. दोनशे माणसं बघत होती, पण मला दिसत होते ते फक्त गुरुजी. दहावीच्या निकालाच्या दिवशी माझ्याकडे बघितलं होतं तसंच बघत होते.

"गुरुजींच्या बारा पायऱ्यांची बारा समीकरणं घातली," मी म्हणाले. "बाकी शून्य आली. प्रमेय सिद्ध आहे."

पहिली दोन वाक्यं खरी होती. टाळ्या तिसऱ्याला मिळाल्या.

मला वाटलं होतं, झालं, संपलं. कोण तालुक्याच्या मेळाव्यातलं प्रमेय पुढे तपासत बसतंय? स्मरणिकेत दोन पानं छापून येतील आणि रद्दीत जातील. एका म्हाताऱ्या माणसाचा जीव निवला, कुणाचं काय बिघडलं? अशी मी माझी समजूत रिक्षात बसेपर्यंत घालून ठेवली होती. रिक्षा वळली तसे गुरुजी म्हणाले, "गिरिजा, आता खरं काम सुरू."

"कसलं काम?"

"सिद्धतेचं. हातानं. इतके दिवस मनात धाकधूक असायची बघ, की आहे का नाही कुणाला ठाऊक, आपण उगं रान उपसायलोय. आता आहे म्हणून कळलं. यंत्राला सापडली म्हणजे वाट आहे. मग मला का नाही सापडायची?"

त्या वेळी माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले होते. जी वाट कुठं जातच नाही, तिच्यावर मी त्यांना लावून दिलं होतं. आणि वर, पुढं गाव आहे असं सांगितलं होतं.

पुढच्या दोन वर्षांत मी त्यांच्या घरी किती वेळा गेले याची गणती नाही. दर वेळी सांगायचं ठरवून जायचे. गुरुजी नव्या उत्साहानं कागद पुढे करायचे, "हे बघ, इथवर आलोय", आणि मी चहा पिऊन परत यायचे. एकदा पायरीपर्यंत येऊन तशीच मागे फिरले. मध्ये त्यांना काचबिंदू निघाला. लातूरला नेलं, पण उशीर झाला होता. आधी कडा गेल्या, मग मधलंही अंधुक झालं. कंपास सुटला. मला वाटलं, आता तरी नाद सुटेल. देवा, मी तशी प्रार्थनासुद्धा केली. पण गुरुजी पलंगावर बसून मनात आकृती काढायला लागले आणि तोंडानं सांगायला लागले. लिहून घ्यायच्या महादेवीकाकू, चौथी शिकलेल्या.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत काकूंचा फोन आला. "ये बाई. जेवण टाकलंय त्यांनी. तुझंच नाव घेयलेत."

मी गेले. गुरुजी भिंतीला टेकून बसले होते, अर्धे झालेले. पावलं ओळखली त्यांनी.

"बस. हरलो गं मी."

"काय झालं गुरुजी?"

"महादेवी, दाव तिला."

काकूंनी वही दिली. गिरगिटलेलं, मोठ्ठालं अक्षर, एका ओळीत चारच शब्द. मी वाचायला लागले. तिसऱ्या पानावर मी पुन्हा मागे गेले आणि सुरुवातीपासून वाचलं. एका कोनाचा दुभाजक, त्यावरून दोन समरूप त्रिकोण, मग एक चक्रीय चौकोन, आणि संपलं. साडेपाच पानं. कुठं एक शब्द जास्त नाही. कोन अ साठ अंशांचा असेल तर तीन वर्तुळं एका बिंदूत मिळतात, याची इतकी सुंदर सिद्धता होती की माझ्या अंगावर काटा आला. यंत्रानं अकरा सेकंद खडी फोडून जे केलं होतं ते या डोळे गेलेल्या माणसानं भिंतीला टेकून केलं होतं.

"गुरुजी, हे बरोबर आहे!"

"बरोबर आहे गं. पण चौथ्या पायरीला साठ लागायलाय. चौदा महिने झाले, तो साठ काही केल्या निघंना. साठ असला तर जातंय, नसला तर अडतंय. सगळ्या बाजूंनी जाऊन बघितलं. यंत्राला कुठलाही त्रिकोण चालतो आणि मला एकच. डोकं कमी पडलं माझं. मॅट्रिकवाल्यानं किती उड्या माराव्या!"

"यंत्रालाही साठच लागतो!" मी जवळजवळ ओरडले. "गुरुजी, ऐका. माझी चूक झाली. मी पहिल्या ओळीत साठ घातला होता, तुमच्या रचनेतला. म्हणून शून्य आलं. तो काढला की येत नाही. कुठल्याही त्रिकोणात हे खरं नाहीच. एक कोन साठ असेल तरच खरं, आणि ते तुम्ही सिद्ध केलंय. पुरं केलंय तुम्ही!"

गुरुजींनी हात पुढे केला. मी तो धरला.

"हे तुला कधी कळलं म्हणतीस?"

"त्याच दिवशी. मेळाव्याच्या सकाळी."

"आणि दोन वर्षं बोलली नाहीस?"

"नाही बोलले. धीर झाला नाही."

त्यांनी मान हलवली आणि हसले. शाळेत कुणी गृहपाठ न करता आजाराची थाप मारली की हसायचे, तसंच.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतीस."

"नाही हो गुरुजी! शपथ घेते. चार, पाच आणि सात बाजूंचा त्रिकोण घ्या. थांबा, मी काढून दाखवते, मध्ये फट राहते..." आणि मग मला भान आलं, की मी कुणाला काय दाखवणार होते.

"फट राहत असंल तर तुझ्या हाताची," गुरुजी मायेनं म्हणाले. "तुझी वर्तुळं आठवीपासून अशीच."

मी हिशेब तोंडी सांगायला लागले. वर्गमुळं आली, अपूर्णांक आले, मीच दोनदा चुकले. ते ऐकत राहिले, पण माझी कीव येऊन ऐकावं तसे. मला रडू कोसळलं. मी त्यांचे पाय धरले, म्हणाले, मी खोटी, मी दोनशे लोकांसमोर खोटं बोलले.

"उगी," ते म्हणाले. "उठ आधी. गिरिजा, तू त्या दिवशी डांगे सरांसमोर बोललीस तो आवाज मला अजून ऐकू येतो. कसा खणखणीत होता. खरं बोलणारा माणूस असाच बोलतो. आणि आज बघ, शब्द फुटंना तुझ्या तोंडातून. तुला खोटं बोलायला कधी जमलं नाही, पोरी. नको जमवू माझ्यासाठी."

त्यांनी माझा हात थोपटून सोडून दिला आणि काकूंकडे तोंड वळवलं.

"महादेवी, पहिल्या पानावर वर लिही. अपुरं."

काकूंनी पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं. मी जीव तोडून नाही नाही अशी मान हलवत होते. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाचं आता एवढंच एक ऐकायचं उरलं होतं. त्यांनी खाली वाकून, एकेक अक्षर लावत, तो शब्द लिहिला.